दुसरी नळी

ज्याला काहीच कळत नाही तो घाबरून असतो, ज्याला सगळं कळतं तो जपून असतो. खरी पंचाईत अर्धं कळणाऱ्याची. राजाराम घाडी हा या तिसऱ्या प्रकारातला माणूस होता, आणि लालबागच्या त्याच्या चाळीत हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. बाकीचे सगळे गिरणीत, कोणी विणकामाच्या साच्यावर तर कोणी स्पिनिंगला. राजाराम मात्र रोज सकाळी पांढरा डगला पिशवीत घालून परळच्या एका प्रयोगशाळेत जायचा. संध्याकाळी गॅलरीत बसून तो चाळीला औषधं सांगायचा. नायट्याला हे लाव, खोकल्याला ते घे. लोक त्याला कंपाउंडर म्हणत. आपण तिथे काचेची भांडी धुतो हे त्याने कोणापासून लपवलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

प्रयोगशाळा शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीची होती. कापसावरच्या आणि भातावरच्या किडीसाठी परदेशातून एक नवं औषध आलं होतं आणि ते शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी माणसाच्या अंगाला किती बाधतं हे मृणालिनीबाई तपासत होत्या. बाई पुण्याच्या, विलायतेत शिकून आलेल्या, बोलायला मऊ आणि कामात कडक. त्यांची तपासायची रीत राजारामला दोन वर्षांत पाठ झाली होती. आपल्या रक्तात एक एन्झाइम असतं. नसेने स्नायूला हाक दिली की ती हाक मागाहून पुसून टाकायचं काम त्याच्याकडे. ते बंद पडलं तर हाक पुसली जात नाही, स्नायू तडतडत राहतात आणि शेवटी श्वास थांबतो. बाई नळीत थोडं रक्त घेत, त्यात औषधाचा थेंब आणि निळा रंग टाकत. एन्झाइम जिवंत असेल तर नळी पिवळी व्हायची. मेलं असेल तर निळीच राहायची.

पिंपातून आलेलं औषध तपकिरी होतं आणि त्याला सडक्या लसणीचा वास यायचा. त्याची नळी नेहमी निळी राहायची. ते हाताळताना बाई दोन-दोन हातमोजे घालायला लावत आणि टेबलाच्या खणात ॲट्रोपिनच्या कुप्या तयार ठेवत, कोणाच्या अंगावर सांडलंच तर टोचायला. मग बाईंनी महिनाभर खपून ते औषध शुद्ध केलं. पाण्यासारखं निवळ, वास जवळजवळ नाहीच. त्याचा थेंब टाकला आणि नळी पिवळी झाली.

त्या दिवशी शेती खात्याचे एक अधिकारी बघायला आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "पाहिलंत? शुद्ध औषध या एन्झाइमला काहीही करत नाही. अगदी निरुपद्रवी."

राजाराम मागे नळ्या पुसत उभा होता. त्याने हे वाक्य झेललं आणि मनात नीट घडी घालून ठेवलं.

बाईंचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. पण त्याच वेळी शिवा पिंजरा घेऊन आत आला आणि राजाराम ट्रे उचलून बाहेर पडला. राजाराम माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ असताना कापलेल्या जिवाजवळ उभं राहायचं नाही, हा त्याचा नेम. उंदीर कापणं, त्याचं काळीज, म्हणजे यकृत, काढून वाटणं, दुसऱ्या नळीत घालणं हे काम शिवाचं. शिवा डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतला. उंदीर आला की राजाराम गॅलरीत भांडी वाळवायला जाणार, हे दोन वर्षं सगळ्यांनी मान्य केलं होतं, आणि राजारामला आपल्या या सोवळेपणाचा थोडा अभिमानही होता. शिवाने घासलेल्या नळ्या तो परत धुवायचा. दुसऱ्या नळीत काय होतं ते त्याने कधी पाहिलं नाही, आणि शिवाला विचारावं इतकी सलगी त्याने कधी केली नाही.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होतात म्हणतात ते हेच.

घरी त्याची मुलगी शेवंती, पाच वर्षांची, ढेकणांनी हैराण झाली होती. गिरणगावच्या चाळीत ढेकूण नाहीत असं घर नाही, पण या पोरीच्या अंगाला ते फार बाधत. खाजवून खाजवून पाठीवर जखमा झाल्या, जखमांत पू धरला, ताप येऊ लागला. राजारामची बायको कौसल्या दर रविवारी खाट उन्हात काढायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायची, घासलेट लावायची. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

"तुम्ही सगळ्या चाळीला औषधं सांगता," कौसल्या एकदा म्हणाली, "नि घरच्या पोरीक काय नाय तुमच्याकडे?"

हे त्याला लागलं. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते, छप्पन साल. त्या दिवशी कंपनी लवकर सुटली, कारण संध्याकाळी रेडिओवर मुंबईचा निकाल लागणार होता आणि पुढे काय होईल याचा भरवसा कोणालाच नव्हता. सगळे घाईत. राजारामने निवळ औषधाची छोटी बाटली डगल्याच्या घडीत गुंडाळली आणि पिशवीत टाकली. तपकिरी बाटलीला त्याने बोटही लावलं नसतं. तो काही मूर्ख नव्हता. घरी येऊन त्याने औषध घासलेटात मिसळलं, काडीला चिंधी बांधली आणि खाटेच्या सांध्यांत, सुंभाच्या पेडापेडांत, शेवंतीच्या गोधडीच्या शिवणींवर नीट फिरवलं. तासाभरात ढेकूण टपाटप खाली पडू लागले. शेजारची कमळाबाई बघायला आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. राजारामची छाती त्या दिवशी खरोखर फुगली होती.

शेवंती त्या खाटेवर झोपली आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

निकाल महाराष्ट्राच्या विरुद्ध गेला. मुंबई महाराष्ट्राला नाही, थेट दिल्लीच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लालबाग पेटलं. गिरण्यांचे भोंगे झाले, पण आत कोणी गेलं नाही. रस्त्यात दगड, पिंपं, मोडक्या हातगाड्या आल्या आणि दुपारी पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. धूर चाळीच्या जिन्यातून वर आला. सगळी चाळ ओले फडके तोंडाला लावून बसली, डोळे चोळत, खोकत. तासाभराने हळूहळू सगळ्यांचं थांबलं. शेवंतीचं थांबलं नाही.

तिला सकाळीच एक उलटी झाली होती. आता नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या, तोंडातून लाळ गळू लागली. छातीत घरघर ऐकू येत होती. "आई, दिसत नाय," असं ती दोनदा म्हणाली. मग तिच्या पापण्या आणि गाल बारीक बारीक उडू लागले.

"तो मेला गॅस पोरीच्या छातीत गेलो," कौसल्या म्हणाली. "इस्पितळात न्या हिला."

रस्त्यावर कर्फ्यू होता. बायकांनी बाहेर पडायचं नाही असं ठरलं. राजाराम आणि खालच्या मजल्यावरचा कुशाबा, दोघे निघाले. जानेवारीचा गारठा, म्हणून राजारामने पोरीला तिच्याच गोधडीत गुंडाळून छातीशी धरलं. बोळाबोळांतून, भिंतीला चिकटून, दोनदा दारांआड थांबून, दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागला. वाटेत शेवंती एकदा "बाबा, पाय" एवढंच म्हणाली. तिचे पाय आपोआप झटके देत होते.

इस्पितळात पाय ठेवायला जागा नव्हती. गोळी लागलेली माणसं जमिनीवर ओळीने निजवली होती. एका तरुण डॉक्टरने शेवंतीकडे पाहिलं. सकाळपासून त्याला बसायला मिळालं नसावं.

"अश्रुधूर?" त्याने विचारलं.

डॉक्टरने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"धुराने इतकं होत नाही सहसा. पोटात काही गेलंय का? घरात काही औषध? उंदराचं, ढेकणाचं?"

हा प्रश्न डॉक्टरने स्वच्छ मराठीत, राजारामच्या डोळ्यांत बघून विचारला होता. उत्तर द्यायला दोन शब्द पुरले असते. राजारामच्या डोळ्यांसमोर घरी डब्यांमागे ठेवलेली बाटली आली. चोरीची बाटली. नोकरी गेली, वर पोलीस केस. पण एवढ्यावर तो गप्प बसला असता असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. पोरीच्या जिवापुढे त्याने नोकरी ओवाळून टाकली असती. त्याने स्वतःला विचारलं, त्या बाटलीने काही होतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, होत नाही. नळी पिवळी झाली होती. बाई म्हणाल्या होत्या, अगदी निरुपद्रवी. मग ज्याने काही होत नाही ते सांगून फासात मान कशाला द्यायची? भीती आणि अर्धं ज्ञान एकमेकांच्या मदतीला धावले, आणि दोघांनी मिळून त्याचं तोंड बंद केलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "अश्रुधूरच. चाळीत शिरला होता."

डॉक्टरने कागदावर तसं लिहिलं, तिच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि तो गोळी लागलेल्या माणसाकडे धावला. शेवंती भिंतीकडेला गोधडीवर पडून राहिली. असे दोन तास गेले.

दोन तासांनी दारातून शिवा आला. त्याच्या चाळीतल्या एकाच्या मांडीत गोळी शिरली होती. त्याला हातगाडीवर घालून त्याने आणलं होतं. त्याला ठेवून मागे वळला तर राजाराम.

"ही शेवंती ना? काय झालं रे हिला?"

"गॅस लागला."

शिवा खाली बसला. त्याने पोरीचा उडणारा गाल पाहिला, लाळ पाहिली. मग अंगठ्याने हळूच तिची पापणी वर केली आणि तसाच थांबला.

"राजाराम, बाहुली बघ हिची. टाचणीच्या टोकाएवढी झालीय. आपले उंदीर जातात ना, तेव्हा असंच होतं. काय आणलंस तू घरी?"

राजारामच्या तोंडून आता शब्द आले, अगदी हळू. "निवळ बाटली. तपकिरी नव्हे. ढेकणांसाठी. तिने काय होत नाही, शिवा. नळी पिवळी होते."

"ती पहिली नळी. दुसरी?"

"दुसरी मी कुठे बघितली?"

शिवाने कपाळावर हात मारला नाही, शिवी दिली नाही. तो फक्त एकदा राजारामच्या गळ्यातल्या माळेकडे बघून म्हणाला, "दुसऱ्या नळीत काळीज असतं, आणि वरून प्राणवायू सोडतात. काळजात एक एन्झाइम आहे, ते प्राणवायू घेतं नि औषधाला जोडतं. जोडला की ते विष; तपकिरीत तो आधीच थोडा जोडलेला असतो. ती नळी निळीच राहते, रोज. बाई सगळ्यांना सांगतात, हे औषध बाटलीत विष नाही, अंगात गेल्यावर अंगच त्याचं विष करतं. किडीचं अंगही आणि माणसाचंही. त्यासाठीच तर रोज उंदीर मारतो मी. गोधडी काढ. काढ आधी ती गोधडी!"

त्याने पोरीला त्या गोधडीतून उचललं, तिचे कपडे ओरबाडून काढले आणि ओल्या फडक्याने अंग पुसायला राजारामला सांगून डॉक्टरकडे धावला. डॉक्टर त्याच्या पहिल्या वाक्यावरच उठला. ॲट्रोपिनची कुपी शोधायला पाच मिनिटं गेली. पहिलं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. मधे एकदा शेवंतीच्या छातीची घरघर कमी झाली आणि राजारामने आपल्या सगळ्या देवांची नावं घेतली. तिसऱ्या इंजेक्शनची सुई दंडात असतानाच ती गेली.

डॉक्टरने उकिडवं बसूनच सुई काढून घेतली. मग म्हणाला, "दोन तासांपूर्वी हे कळलं असतं तर मी हिला वाचवलं असतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

राजाराम पोरीच्या केसांवरून हात फिरवत होता.

"कागदावर अश्रुधूर लिहिलाय," डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाला. "बदलला तर पोलीस येतील, चिरफाड होईल. काय करायचं?"

राजाराम पोरीचे केस नीट करत राहिला. डॉक्टरला बाहेरून हाक आली. तो उठला आणि कागद होता तसा राहिला.

कुशाबा बाहेर पायरीवर बसला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. शिवाने राजारामला बाजूला घेतलं. "गोधडी मी पुरतो. पण घरात अजून ती खाट आहे, बाटली आहे. घरी गेल्या गेल्या सांग. मी येऊन सांगितलं असतं, पण तुमच्या दारात मला पाणीसुद्धा उंबऱ्याबाहेर मिळतं. माझं कोण ऐकणार? तू सांग."

राजारामने मान डोलावली. आणि सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर कौसल्येने जो आकांत केला त्यात कुठे सांगणार, असं त्याने पहिल्या दिवशी स्वतःला समजावलं. बाटली त्याने गुपचूप डगल्यात बांधून ठेवली. प्रयोगशाळा उघडली की बाईंच्या हवाली करायची असं ठरवलं. खाट त्याने गॅलरीत उभी केली, सुतक संपलं की मोडून पुरून टाकू म्हणून. सगळं न बोलता निस्तरता येईल असा त्याने हिशेब मांडला. मेलेली काही परत येत नव्हती, आणि कौसल्येला निदान दात-ओठ खायला कोणीतरी होतं. "गॅसवाल्यांनी खाल्ली माझी पोर," असं ती म्हणायची, आणि बायका तिच्याबरोबर रडायच्या.

तिसऱ्या दिवशी कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा गिरगावातून चळवळीची माणसं आली. त्यांच्यातला माधव नावाचा शाळामास्तर हातात वही घेऊन होता. या दिवसांत जे गेले त्यांची नावं तो घरोघर जाऊन लिहून घेत होता. पुढच्या सभेत ती एकेक करून वाचली जाणार होती. तो कौसल्येसमोर जमिनीवर बसला.

"आई, तुमची मुलगी एकट्या तुमची राहिली नाही आता," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. "तिचं पूर्ण नाव सांगा."

तीन दिवसांत कौसल्या पहिल्यांदा ताठ बसली. तिने पदर सारखा केला. "लिहा. शेवंती राजाराम घाडी. वय वर्षं पाच." माधवने लिहिलं. नाव वहीत उतरताना ती प्रत्येक अक्षराकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

राजाराम कोपऱ्यात बसून होता. त्याला वाटलं, असू दे. हिला एवढं तरी असू दे.

तेवढ्यात कमळाबाई दारात आली. तिची लेक बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. अवघडून ती म्हणाली, "कौसल्या, बोलू नये अशा वेळी. पण बाळंतीण खाली निजते, फरशी गार, बाळाला सर्दी धरली. तुमची खाट गॅलरीत नुसती उभी हा, म्हणून म्हटलं..."

"न्या," कौसल्या म्हणाली. "माझी नाय निजली, तुमची तरी निजू दे. ढेकूण एक उरलो नाय तिच्यात."

कुशाबा आणि कमळाबाईचा जावई खाटेला हात घालायला उठले. राजाराम बघत राहिला. खाटेचा एक पाय दारासमोरून शेजारच्या खोलीकडे सरकला, मग दुसरा. त्याला वाटलं होतं आपण जन्मभर गप्प राहू शकू, आणि कदाचित राहिलाही असता. पण शेजारच्या खोलीत ते नऊ दिवसांचं पोर शिंकलं.

"खाट ठेवा खाली," तो म्हणाला. "हात धुवा. तिच्यात विष आहे."

मग त्याने सांगितलं. बाटली कुठून आणली, कशी लावली, आपण काय समजलो, काय समजलो नाही. दुसऱ्या नळीत काय होतं ते सांगितलं. शेवंतीला धुराने मारलं नाही, तिच्याच अंगाने श्वासातला वायू घेऊन त्या औषधाचं विष केलं, आणि ते औषध बापाने शिवणी-शिवणीला लावलं होतं, हे सांगितलं. कमळाबाई मागे सरत सरत भिंतीला टेकली. माधवने पेन्सिल खाली ठेवली.

कौसल्या रडली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टराक ठावक होता? त्याने तुमका विचारल्यान नाय, घरात काय हा म्हणून?"

"विचारलं."

"मगे? तुम्ही काय सांगितलात?"

राजारामला वाटलं होतं, सर्वांत अवघड ते सांगून झालं. "अश्रुधूर," तो म्हणाला.

"किती वेळ होती मगे ती जिती?"

"दोन तास. थोडं वर."

कौसल्या माधवकडे वळली. "मास्तर, तिचा नाव काढा वहीतून."

"आई, असू द्या. कोण विचारायला येतंय? तिच्या नावाने लोकांना..."

"ती तुमच्यासाठी गेली नाय. काढा."

माधवने नावावर रेघ मारली. कौसल्या ती रेघ पूर्ण होईपर्यंत बघत होती. मग ती उठली आणि कुशाबाला म्हणाली, "खाट खाली न्या. पोरं खेळतात त्या बाजूक नको. खड्डा करून पुरा."

राजाराम उठून पुढे झाला आणि त्याने खाटेच्या कडेच्या दांड्याला हात घातला.

"तुम्ही हात लावू नका," कौसल्या म्हणाली.